सुपरहिरोच्या सिनेमात एवढे राक्षस कशाला?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

चवथीला आम्ही सगळे पेडण्याच्या मूळ घरी जमतो. माणसं पंचवीस-तीस, टीव्ही एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती, जेवण आटोपलं, मोठी माणसं माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) आसपास जागा मिळेल तशी आडवी झाली आणि पोरांनी 'स्पायडरमॅन ३' लावला. तासाभराने नऊ वर्षांच्या भाच्याने मला हलवून उठवलं. "मामा, ह्यातला खरा राक्षस कुठला? तीन आहेत."

मी झोपेतच म्हटलं, "तिन्ही."

"मग लक्ष कुणावर ठेवायचं?"

झोप गेली ती गेली. प्रश्न बरोबर होता. २००२ च्या पहिल्या भागात एकटा ग्रीन गॉब्लिन पुरला. २००४ मध्ये एकटा डॉक्टर ऑक्टोपस पुरला, आणि माझ्या मते त्या मालिकेतला तोच सगळ्यात चांगला सिनेमा. २००७ मध्ये एकदम तीन: वाळूचा सँडमॅन, काळा व्हेनम आणि बापाच्या मरणाचा सूड घ्यायला निघालेला मित्र हॅरी. बॅटमॅनचंही तेच. १९८९ मध्ये जोकर. १९९२ मध्ये पेंग्विन, कॅटवुमन, शिवाय मॅक्स श्रेक नावाचा उद्योगपती. १९९५ मध्ये टू-फेस आणि रिडलर. १९९७ मध्ये मिस्टर फ्रीझ, पॉयझन आयव्ही आणि बेन. राशीला चढ लागल्यासारखं.

माझा अंदाज मांडतो, मग झोडा. पहिल्या भागात नायकाची गोष्ट संपून जाते. पोराला कोळी चावतो, काका मरतो, जबाबदारी म्हणजे काय ते कळतं. माणूस बदलला, विषय संपला. पण कंपनीला अजून पाच भाग काढायचे असतात. तेव्हा नायकाचा पोशाख, स्वभाव, तत्त्वं सगळं आहे तसंच जपून ठेवावं लागतं. गोष्ट म्हटली की कुणीतरी बदलायला तर हवं. नायकाला मुभा नाही, म्हणून ते काम खलनायकावर येतं. आणि एक खलनायक मुळातच न बदलणारा असेल, तर दुसरा आणावा लागतो.

'द डार्क नाइट' (२००८) बघा. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, आणि इतकी वर्षं काय करत होता तेही सांगा. जोकर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तोच. तोंडावरच्या जखमांची गोष्टसुद्धा दर वेळी वेगळी सांगतो, म्हणजे त्याला भूतकाळच नाही. बॅटमॅनही फारसा हलत नाही. हलतो तो हार्वी डेंट. शहराची आशा म्हणून मिरवणारा वकील शेवटी नाणं उडवून माणसं मारतो. जोकर ही आग आणि डेंट हे लाकूड. तिथे दोन खलनायक लागतातच, कारण सिनेमा खरा डेंटचा आहे.

'स्पायडरमॅन ३' मध्ये मात्र सगळेच एकदम बदलायला निघतात. सँडमॅनची मुलगी आजारी. हॅरीची स्मृती जाते. व्हेनम आधी फोटोग्राफर असतो, त्याचा अपमान होतो. त्यात काळा पोशाख घालून खुद्द पीटरसुद्धा बिघडतो. चार माणसांचे चार सिनेमे १३९ मिनिटांत. एका भांड्यात खतखतं (आमची मिश्र भाज्यांची आमटी), सोलकढी आणि पायस.

खाजें

खतखत्यात सगळं घालतात तरी ते खतखतंच राहतं ना. उदाहरण चुकलं. बाकी सहमत. व्हेनम फुकट गेला.

उंडो

धागा छान, पण मांडवीबाब, तुम्ही साधी गोष्ट अवघड करून सांगताय. कारण पैसा. खलनायक दोन म्हणजे खेळणी दोन, पोस्टर दोन, गाड्या दोन. 'बॅटमॅन अँड रॉबिन' दिवाळीच्या आधीचं खेळण्यांचं दुकान वाटतं की नाही ते सांगा. त्याआधी 'बॅटमॅन रिटर्न्स'च्या वेळी मॅकडोनाल्ड्सच्या पोरांच्या जेवणाबरोबर त्याची खेळणी दिली होती. सिनेमा निघाला काळाकुट्ट, पेंग्विनच्या तोंडातून काळं काहीतरी गळतंय, आणि आई-वडिलांनी तक्रारी केल्या. म्हणून पुढचा भाग रंगीबेरंगी झाला. राक्षस किती आणि कसे, हे दुकान ठरवतं.

दुसरं कारण नट. नायकाचं तोंड मुखवट्यात. मोठ्या नटाला तोंड दाखवायला मिळतं ते खलनायकात. १९८९ च्या 'बॅटमॅन'च्या नामावळीत पहिलं नाव जॅक निकल्सनचं, बॅटमॅन झालेल्या मायकल कीटनचं त्याच्या खाली. १९९७ मध्ये पहिलं नाव श्वार्झनेगरचं, जॉर्ज क्लूनीचं नंतर. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये तर मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन आधी, आणि सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह मागून. नायक म्हणजे वर्षानुवर्षांचा करार, खलनायक म्हणजे एका सिनेमाचा पाहुणा. दोन पाहुणे बोलावले की दोन घरची माणसं येतात.

रातांबा

उंडोबाब, हसून हसून पोट दुखलं, कारण आमच्या जत्रेच्या नाटकात हेच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या गावात जत्रेला रात्री मराठी नाटक असतं, पात्रं सगळी गावचीच. वर्गणी जास्त भरली की भूमिका मोठी, असा नियम कुठेच लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. एका वर्षी ऐतिहासिक नाटक होतं. सरदाराची, म्हणजे खलनायकाची, भूमिका दोघांना हवी होती. दोघेही मुंबईहून रजा काढून आलेले, दोघांनीही वर्गणी भरलेली. शेवटी दिग्दर्शकाने सरदाराला भाऊ दिला. मूळ संहितेत भाऊच नव्हता! अर्धे संवाद ह्याला, अर्धे त्याला.

पण गंमत ऐका. नाटक त्या वर्षी जास्त रंगलं. आधी सरदार एकटा रंगमंचावर यायचा आणि आपला कट स्वतःशीच मोठ्याने बोलायचा. स्वगत. त्या वेळी निम्मा मांडव उठून चणे आणायला जायचा. भाऊ आल्यावर त्याच ओळींचं भांडण झालं. एक म्हणतो आज मारू, दुसरा म्हणतो उद्या. लोक बसून राहिले.

सिनेमात मला हे फार दिसतं. नायकाला मित्र असतो, नायिका असते, म्हातारा नोकर असतो, बोलायला कुणीतरी असतं. खलनायक एकटा पडला की त्याने बोलायचं कुणाशी? आरशाशी? 'आयर्न मॅन २' (२०१०) मध्ये व्हँकोकडे राग आणि कसब आहे, पण पैसा नाही. हॅमरकडे कारखाना आहे, पण डोकं बेताचं. दोघे एकत्र आले की प्रेक्षकाला सगळा बेत आपोआप कळतो, आणि हसूही येतं. सिनेमा मला तितका आवडला नाही, पण ती जोडी बरी होती.

जुनी_रीळ

मी म्हापशाला अलंकार थिएटरात 'सुपरमॅन' पाहिलेला माणूस, त्यामुळे थोडं मागून सांगतो.

हे सगळं येतं चित्रकथांच्या अंकांमधून. बॅटमॅन १९३९ मध्ये आला, त्याच्या नावाचा स्वतंत्र अंक १९४० मध्ये निघाला. त्या पहिल्याच अंकात जोकरही पहिल्यांदा दिसतो आणि कॅटवुमनही. गोष्टी अर्थात वेगवेगळ्या, पण अंक एकच. पेंग्विन १९४१, टू-फेस १९४२, रिडलर १९४८. महिन्याच्या महिन्याला अंक काढायचा तर नायक तोच आणि शत्रू नवा, हाच हिशेब. वीस-पंचवीस वर्षांत शत्रूंचं अख्खं गाव वसतं. सिनेमा येतो तीन वर्षांतून एकदा. एकेका सिनेमात एकेक घेत बसलं तर नटाचे केस पांढरे होतील. म्हणून जोडीजोडीने उरकतात.

सगळ्यांना एकत्र आणायची कल्पनाही सिनेमाची नव्हे. १९६४ मध्ये स्पायडरमॅनच्या वार्षिक अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी डॉक्टर ऑक्टोपस, व्हल्चर, इलेक्ट्रो, क्रेव्हन, मिस्टीरिओ आणि सँडमॅन अशी सहा जणांची टोळी केली. दिवाळी अंकच म्हणा ना. वर्षभर एकेक यायचे ते वार्षिकात एकत्र. १९६६ च्या बॅटमॅनच्या सिनेमातही जोकर, पेंग्विन, रिडलर, कॅटवुमन चौघेही आहेत. टीव्हीवर त्याची मालिका आधीच चालू होती, लोकांना चौघे ओळखीचे होते, त्यामुळे कुणाची ओळख करून द्यावी लागली नाही.

सुपरमॅनची अडचण आणखी वेगळी. त्याला गोळी लागत नाही, तो पर्वत उचलतो. मग त्याच्यासमोर उभं कोण राहणार? लेक्स लूथर उभा राहतो तो डोक्याच्या जोरावर, पण मारामारी झाली तर तो एका फुंकरीत उडेल. म्हणून १९७८ मध्ये खलनायक एक आणि क्षेपणास्त्रं दोन, दोन दिशांना सोडलेली. सुपरमॅनची ताकद कमी करता येत नाही, तर त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी बोलवा! १९८० च्या दुसऱ्या भागात जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार येतात, सुपरमॅनच्याच ग्रहावरचे, त्याच्याइतकेच बळकट. लूथर तरीही आहेच. डोकं एकाचं, हात दुसऱ्यांचे.

तारवटी

मी बोटीवर आहे, नेट मिळेल तेव्हा वाचतो. हार्ड डिस्कमध्ये हे सगळे सिनेमे आहेत आणि प्रत्येक किमान चार वेळा बघून झालाय, समुद्रावर दुसरं करणार काय.

स्पायडरमॅनचा 'नो वे होम' (२०२१) कुणी काढला कसा नाही? पाच खलनायक, तरी गर्दी वाटत नाही. कारण हिशेब बघा: गॉब्लिन २००२ चा, ऑक्टोपस २००४ चा, सँडमॅन २००७ चा, लिझर्ड २०१२ चा, इलेक्ट्रो २०१४ चा. आधीच्या पाच सिनेमांतून एकेक. त्यांची रडगाणी आधीच गाऊन झालेली. ओळखीला वेळ द्यावा लागत नाही, थेट कामाला लागायचं. जुनी_रीळ काका १९६६ बद्दल म्हणतात तेच.

आणि एकच राक्षस असूनही जबरदस्त पाहायचा असेल तर मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा. एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते, एक नायक होतो, एक दुसरा होतो. त्या दुसऱ्यासाठी मी डोळे पुसलेत. कॅप्टनने पाहिलं. लाज वाटली.

आबोली

मंडळी, अमेरिकेपर्यंत कशाला जाताय? आपल्या पुराणांत राक्षस एकटे येतातच कधी? मधु-कैटभ. शुंभ-निशुंभ. चंड-मुंड. सुंद-उपसुंद. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू.

जय-विजयांची गोष्ट आठवा. वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांना दारात अडवलं म्हणून शाप मिळाला. मग तीन जन्म वैरी म्हणून: आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, मग रावण आणि कुंभकर्ण, मग शिशुपाल आणि दंतवक्र. तिन्ही वेळा जोडीच. आणि जोडीत दोघे सारखे नाहीत. कुंभकर्ण रावणाला चार शब्द सुनावतो आणि तरी त्याच्याच बाजूने लढून मरतो. रावण एकटा असता तर ते आपल्याला कोण सांगणार होतं?

देवीमाहात्म्यात तर ओळीने येतात: धूम्रलोचन, चंड-मुंड, रक्तबीज, निशुंभ, शेवटी शुंभ. पण प्रत्येकाची खोड वेगळी. रक्तबीजाचं रक्त जमिनीवर सांडलं की थेंबाथेंबातून नवा रक्तबीज, म्हणून तिथे तलवार चालत नाही, रक्त पिऊन टाकणारी काली लागते. हीच कसोटी आहे माझ्या मते. दुसऱ्या राक्षसाला पहिल्याचंच हत्यार लागू पडत असेल तर तो भरताड.

मांडवीकाठ

आबोलीबाय, तुम्ही माझ्या बाजूच्या की विरुद्ध तेच कळेना, पण जय-विजयांनी माझं काम सोपं केलं. त्या गोष्टीत विष्णू बदलतो का? रूप बदलतो, मनाने तोच. प्रवास कुणाचा? द्वारपालांचा. दारातून निघतात, तीन जन्म भोगतात, परत दारात येतात.

उंडोबाब, खेळण्यांचं मान्य. 'स्पायडरमॅन ३'च्या दिग्दर्शकाला, सॅम रेमीला, व्हेनम मनापासून नको होता, निर्मात्याच्या आग्रहाने घातला, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पण पैशाने दुसरा राक्षस का *आला* ते कळतं, तो का *चालला* किंवा का *पडला* ते कळत नाही. डेंटचीही खेळणी निघाली असतीलच की.

आणखी एक सुचलं. आमच्या पेडण्यात, सिंधुदुर्गात दशावतार बघितलाय ना सगळ्यांनी? आधी आडदशावतारात संकासुर येतो. काळा पोशाख, चालणं-बोलणं गमतीचं, भटजीची थट्टा, पोरं आधी घाबरतात मग हसतात. विष्णू त्याला मारतो, आणि *त्यानंतर* खरं आख्यान सुरू होतं, त्यात निराळा राक्षस. म्हणजे पहिला राक्षस नायकाची ओळख करून देण्यापुरता. 'द डार्क नाइट'मध्ये सुरुवातीलाच स्केअरक्रो पकडला जातो तो अगदी संकासुर! मागच्या भागातला उरलेला राक्षस, दहा मिनिटांत निकालात, आणि मग आख्यान. अशा राक्षसाला मी मोजत नाही.

उंडो

संकासुराला मोजत नाही म्हणता? आमच्या आजीच्या कानावर गेलं तर पेडण्याला यायची सोय राहणार नाही.

बरं, थोडं मागे सरकतो. पण मग बेनचं काय ते सांगा. १९९७ मध्ये बेन म्हणजे नुसता गुरगुरणारा हमाल. २०१२ मध्ये तोच बेन अख्खं शहर ओलीस धरतो, बॅटमॅनची पाठ मोडतो. आणि तरीही शेवटी कळतं की सूत्रधार तो नव्हेच, तालिया. पुन्हा दुसरा राक्षस, तोही शेवटच्या पंधरा मिनिटांत. इथे कोण बदललं?

रातांबा

तिथे प्रेक्षक बदलला. इतका वेळ आपण चुकीच्या माणसावर लक्ष ठेवून होतो. मांडवीबाबांच्या भाच्याचा प्रश्न म्हणजे त्या सिनेमाची युक्तीच आहे.

माझं वैयक्तिक मत: युक्ती चांगली, पण बेनला त्यानंतर ज्या घाईने संपवलं ते बरं नाही केलं. एवढा उभा केलेला माणूस.

मांडवीकाठ

उत्तर आवडलं, माझ्या सिद्धांतात बसत नाही ते जास्त आवडलं. बेन माझ्या हातून सुटला हे मान्य.

खाजें

धाग्याचा दुसरा खलनायक सापडला: उंडो.

आबोली

विषय निघालाच आहे तर, दिवाळी जवळ आली. नरकासुराचा पुतळा कसला करताय यंदा जाळायला? आमच्या वाड्यावर बांबू येऊन पडलेत.

भागवतात नरकासुराच्या नगरीत शिरण्याआधी कृष्णाला मुर दैत्याशी लढावं लागतं. पाच तोंडांचा, खंदकाच्या पाण्यात झोपलेला. त्याला मारल्यावर त्याचे सात मुलगे चालून येतात. म्हणून तर मुरारी नाव पडलं. आपण मात्र नरकासुर तेवढा करतो आणि मुराला विसरतो.

मांडवीकाठ

हे मी वाड्यावरच्या पोरांना दाखवलं. चूक केली. लिहीन नंतर.

तारवटी

*(दिवाळीनंतर)* धागा वर काढतोय. मांडवीबाब, मुराचं काय झालं? तिकडचे फोटो तरी टाका, इथे चौथा महिना चाललाय.

मांडवीकाठ

सांगतो. पोरांनी हट्ट धरला, नरकासुर आणि मुर दोन्ही करायचे. बांबू, गवत, कागद जेवढं एकाला होतं तेवढंच, ते दोघांत वाटलं. मी म्हटलं एक लहान करा. ऐकतोय कोण! मुराला पाच तोंडं करायची, तेव्हा सगळा रंग तोंडांतच गेला. नरकासुराला एक हात कमी पडला तो कुणाच्या तरी जुन्या रेनकोटाचा केला. रात्री अकराला दोघेही उभे राहिले, आणि खोटं कशाला बोलू, लांबून दोघेही एकाच गवताच्या गंजीसारखे दिसत होते. बाजूच्या वाड्यावर एकच, पण सुरेख, डोळे फिरणारा. सगळी गर्दी तिकडे.

साडेबाराला मुराची तीन तोंडं गळून पडली. पोरं म्हणाली, आता हा साधा राक्षस झाला, बरं झालं.

कृष्ण होता माझा भाचा. मोरपीस, पुठ्ठ्याचं चक्र, सगळं संध्याकाळपासून तयार. तीनपर्यंत तो डीजेसमोर नाचला, चारला टेम्पोच्या मागच्या बाजूला चक्र उशाला घेऊन झोपला. पाचला जाळायची वेळ झाली तेव्हा दोन मोठ्या राक्षसांच्या मधोमध कृष्ण नाही. उठवायला गेलो तर डोळे न उघडता म्हणाला, "मामा, तू मार. दोघे आहेत."

शेवटी त्याच्या आईने काडी लावली.

आबोली

सत्यभामा!! काही परंपरांत नरकासुराला मारते ती सत्यभामाच. बरोबर झालं सगळं.

उंडो

आणि पोहे? किती प्रकारचे केले?

मांडवीकाठ

पाच. ताकातले, दुधातले, गुळाचे, बटाट्याचे आणि नारळाच्या रसातले. भाचा फक्त गुळाच्या पोह्यांना उठला.